इंगळे मॅडमचा लॅपटॉप मंद झाला तेव्हा

प्रमिला इंगळे मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी उघडा लॅपटॉप शोधायच्या आणि त्याचं कॅप्सलॉकचं बटण दाबायच्या. बटणावरचा इवलासा दिवा लागला की पुन्हा दाबायच्या, दिवा विझला की मग पदर सावरून विचारायच्या, "हं, बरे हायेत न सगळे?" साखरपुड्याला गेल्या तरी हेच आणि कुणाच्या आजारपणाला गेल्या तरी हेच. एकदा मी विचारलंच, की ही काय खोड आहे. म्हणाल्या, "अवं, मशीन आतून अटकलं असलं न, तर पडदा दिसते, सगळं दिसते, पण हा दिवा पेटत नाई. पेटला म्हणजे जीव हाये. डॉक्टर नाडी पाह्यते तर तुमी त्याले चहा देता, अन् म्या पाह्यली तर हासता."

माझी त्यांची ओळख झाली तीही या कॅप्सलॉकमुळे. अकोल्याहून अमरावतीला रोज अपडाऊन करणाऱ्यांचे सकाळच्या गाडीत ठरलेले डबे असतात, ठरलेल्या जागा असतात. मी तेव्हा कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते आणि त्या डब्यात अगदीच नवखी होते. त्या दिवशी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. आमच्या विभागाचं सादरीकरण, मी नवी असल्यामुळे, सर्वानुमते माझ्या गळ्यात पडलं होतं. काटेपूर्णा मागे पडल्यावर शेवटची एक नजर टाकावी म्हणून मी लॅपटॉप उघडला, तर पडदा काळाठिक्कर. बंद केला, चालू केला, थापट्या मारल्या. आतला पंखा घुरघुरत होता आणि पडद्यावर अंधार.

डब्यात जागा रिकाम्या असूनही एक उंच, सडपातळ बाई दाराशी उभी होती. ती तरातरा आली, मला "सरक" म्हणाली आणि न विचारता कॅप्सलॉक दाबलं. दिवा लागला. "जित्ता हाये," तिनं जाहीर केलं. मग मोबाइलचा टॉर्च काढून तिनं पडद्यावर तिरपा धरला, आणि माझी ओढणी ओढून दोघींच्या डोक्यावरून घेतली. त्या ओढणीच्या आत, टॉर्चच्या गोल उजेडात, काळ्या पडद्यावर मला पासवर्ड मागणारी चौकट पुसटशी दिसली. "पाह्य. चित्र हाये, उजेड नाई. कालच्या दिवसात काय केलं तुनं?" मी म्हटलं, काहीच नाही. "काहीच नाई असं नसते." मग मला आठवलं, की काल कसलंसं अपडेट आलं होतं आणि मी 'हो' म्हटलं होतं. "मंग बरोबर. त्यानं उजेड शून्यावर नेऊन ठेवला. आता पासवर्ड सांग."

मी तिच्या कानात सांगितला. गाडी पुलावर होती. "काय? मोठ्यानं बोल न!" मी मोठ्यानं बोलले. माझा पासवर्ड म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव आणि पुढे आकडे. समोरच्या बाकावरची भाजीवाली बाई लगेच म्हणाली, "नाव घेतलं बाईनं, पण उखाणा कुठी हाये?" सगळा डबा हसला. इंगळे मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तीन बटणं एकदम दाबली आणि त्या अंधाऱ्या पडद्यावर, काहीही दिसत नसताना, एकामागून एक ओळी टाइप करत गेल्या. मूर्तिजापूरच्या आधीच पडदा लख्ख उजळला. मी आभार मानायला वर पाहिलं तर बाई पुन्हा दाराशी जाऊन उभी. नंतर कळलं, की ही आमच्याच कॉलेजातली, संख्याशास्त्राची, आणि कॉलेजातल्या झाडून सगळ्या लॅपटॉपांवर नेहमीच्या प्रणालीऐवजी लिनक्स घालायला प्राचार्यांना भाग पाडणारीही हीच. म्हणजे माझ्या त्या सकाळच्या घामाचं मूळही तीच होती. हे मी त्यांना पुढे कितीदा तरी ऐकवलं.

लिनक्सचं त्यांना वेड का, तर ते उघडून पाहता येतं म्हणून. त्यांचे वडील वीज मंडळात लाइनमन होते. लहानपणी त्या वडिलांच्या मागे सायकलवर बसून खांबाखांबापर्यंत जायच्या. घरातला दिवा गेला की वडील आधी घराबाहेर जाऊन पाहायचे, की लाइन इथवर येते की नाही. तीच सवय मॅडमना लागली. झाकण लावलेली वस्तू त्यांना सहन होत नसे. "ज्याच्या आत पाहू देत नाई, ते आपलं कसं काय म्हणायचं?" असं त्या म्हणायच्या, आणि हे लॅपटॉपबद्दल चाललंय की कॉलेजच्या व्यवस्थापनाबद्दल, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

त्यांना स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नव्हतं. गाडीत उभ्या, स्टाफरूममध्ये उभ्या, जेवणाचा डबासुद्धा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानं खायच्या. चहा इतका गरम प्यायच्या की बघणाऱ्याची जीभ भाजावी. कुणी गोष्ट सांगायला लागलं की मध्येच "पुढे, पुढे" म्हणायच्या. माझं बोलणं मुळात पाल्हाळाचं. मी एखादा किस्सा सुरू केला की त्या बोट हवेत गोल फिरवायच्या, म्हणजे आवर. मला राग यायचा. एकदा मी रागावून गोष्ट अर्धवट सोडली, तर दुसऱ्या दिवशी स्टेशनवर भेटल्याबरोबर म्हणाल्या, "मंग? त्या बाईचं काय झालं?"

पण बिघडलेल्या मशीनसमोर हीच बाई वेगळी व्हायची. तिथे घाई नाही. "एका टायमाले एकच गोष्ट बदलवायची," हा त्यांचा कायदा होता. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर कशानं सुरू झालं ते कळत नाही, आणि ते कळलं नाही तर दुरुस्ती झाली असं त्या मानतच नसत. दुसरा कायदा म्हणजे चौकशी. "मशीन खोटं बोलत नाई. माणूस अर्धंच सांगते." आमच्याकडे अंजनगाव सुर्जीचे एक देशमुख सर होते. त्यांच्या कीबोर्डची अर्धी बटणं दबलेलीच राहायला लागली. सर शपथेवर सांगत होते, की सांडलं नाही, पडलं नाही, कुणी हात लावला नाही. मॅडमनी लॅपटॉप उचलून नाकाशी धरला.

"संत्रं," त्या म्हणाल्या.

"छे हो मॅडम, संत्र्याचा काय संबंध?"

"शेंदूरजन्याचं हाये, अंबिया बहाराचं. मंग काय लॅपटॉपनं सोताच सोलून खाल्लं काय?"

देशमुख सरांचे सासरे शेंदूरजनाघाटचे बागायतदार. पेटी घरी येऊन दोन दिवस झाले नव्हते. सर नंतर आठवडाभर स्टाफरूममध्ये संत्री वाटत होते.

अशा या बाईंचा स्वतःचा लॅपटॉप एका हिवाळ्यात बिघडला. नवा होता, त्यांनी स्वतः निवडलेला. एक दिवस गाडीत म्हणाल्या, "उजेड कमी झाला याचा." मी पाहिलं. मला काही वाटलं नाही, पण अशा बाबतीत माझ्या वाटण्याला त्या डब्यात किंमत नव्हती. त्या कामाला लागल्या. लिनक्समध्ये पडद्याच्या उजेडाची सूत्रं कधी कधी दोघांच्या हाती असतात, त्यांनी मला समजावलं. बटण दाबलं की एक जण ऐकतो आणि पडदा असतो दुसऱ्याच्या ताब्यात. मग मशीन सुरू होतानाच्या ओळीत एक शब्द घालून सांगावं लागतं, की बाबा, तू गप बस, याला बोलू दे. त्यांनी तो शब्द घातला. फरक पडला नाही. दुसरा घातला. नाही. मग प्रणालीच्या गाभ्याचीच जुनी आवृत्ती घालून पाहिली, मग नवी घालून पाहिली. मग पेनड्राइव्हवरून दुसरंच लिनक्स चालवून पाहिलं. प्रत्येक वेळी एकच बदल, प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून.

त्यात कीबोर्डची भर पडली. त्यांच्या कीबोर्डला खालून उजेड होता, बटणांवरची अक्षरं पेटायची. हा उजेड डावीकडून गेला, असं त्या म्हणायला लागल्या. डाव्या बाजूची बटणं चुकायला लागली, ए दाबायला जावं आणि भलतंच उमटावं. कुठलं बटण दाबलं की मशीनला काय ऐकू येतं, हे दाखवणारा एक छोटा प्रोग्राम असतो. तो लावून त्या एकेक बटण दाबून बघायच्या. मशीन प्रत्येक बटणाचं नाव बिनचूक सांगायचं. "इथं बरोबर सांगते अन् लिवाले बसलं की चुकते. कावून चुकते?" त्या मलाच दरडावून विचारायच्या, जणू मी आत बसून बटणं बदलत होते. अकोल्यात जठारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडून कीबोर्ड बदलून झाला. मग पडदाही बदलून झाला. दुरुस्तीवाला मॅडमना इतका वचकून होता, की त्या म्हणाल्या मंद आहे तर तोही म्हणाला, हो मॅडम, मंदच आहे.

जगभरातल्या लिनक्सवाल्यांचा एक मंच असतो, तिथे त्यांनी तक्रार टाकली. कुठकुठली माणसं उत्तरं देत होती, हे करून पाहा, ते करून पाहा. मॅडम करून पाहायच्या आणि 'फरक नाही' असं कळवायच्या. शेवटी त्या माणसांवरही चिडायला लागल्या. त्या दिवसांत त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षा होती. दाराशी जायच्या, परत यायच्या, झाकण उघडायच्या, खिडकीचं शटर ओढायच्या, पुन्हा वर करायच्या, मान वाकडी करून पडद्याकडे बघायच्या. मला म्हणायच्या, "सापडून राहिलं नाई न वं. आयुष्यात पह्यल्यांदा सापडून राहिलं नाई." त्यांच्या बोलण्यात कधी नव्हे ती काकुळत होती. ती मला बघवत नसे.

एके दिवशी बोरगावच्या आसपास समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळ्यांवर हात धरला. म्हणाले, "बाई, तेवढा उजेड कमी करा. माह्या तोंडावर ट्रकचा लाइट मारल्यासारखं होऊन राह्यलं." ते खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबाबद्दल बोलत होते. मी मॅडमच्या बाजूला सरकून पडदा नीट पाहिला. खरंच डोळे दिपत होते. मॅडम त्या गृहस्थांना म्हणाल्या, "काका, इथं मले अक्षर दिसून नाई राहिलं, अन् तुमाले लाइट लागते?" काकांनी तोंड फिरवलं. मला कसंतरीच झालं, पण नेमकं काय खटकलं ते तेव्हा धरता आलं नाही.

ते धरता आलं दोन दिवसांनी, स्टेशनवरून घरी येताना. आम्ही दोघी जठारपेठेतच राहायचो आणि स्टेशनपासून मी त्यांच्या स्कूटीवर मागे बसून यायची. चालवण्यात त्या पटाईत. त्या दिवशी डावीकडच्या बोळातून एक हातगाडी निघाली, बोरं आणि आवळ्यांनी भरलेली. सावकाश निघाली होती. मला ती निघताना दिसली, गाडीवाल्याचा हात दिसला, त्यानं हात वर केलेला दिसला. मॅडमना दिसली नाही. मी ओरडले, त्यांनी ब्रेक मारला, आणि आम्ही गाडीच्या चाकाला घासून आडव्या झालो. रस्ताभर बोरं. खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. मॅडम उठून त्या गाडीवाल्यावर तुटून पडल्या. "आली कुठून ही गाडी? हवेतून आली काय?" तो बिचारा म्हणत होता, "बाई, मी कवापासून हात दाखवून राहिलो." मी रस्त्यावर बसून बोरं गोळा करत होते. आता मला कळलं होतं.

घराच्या फाटकाशीच मी सांगून टाकलं. "मॅडम, लॅपटॉपले काई झालं नाई. तुमचे डोये दाखवा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शिवी दिली आहे. "माह्ये डोये चांगले हाये. मले लांबचं दिसते, जवळचं दिसते. चष्मा मागच्या दिवाईत बदलवला." स्कूटी ढकलत त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी डब्यात आल्या नाहीत, मागच्या डब्यात चढल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. कॉलेजात समोरून आल्या तर भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागायच्या. माझाही स्वभाव काही गरीब गाईचा नाही. राग येत होता, पण रागापेक्षा भीती मोठी होती. ही बाई रोज स्कूटी चालवत होती. आणि मला नुसतं वाटत होतं एवढंच, मी काही डॉक्टर नव्हते. त्यांना माझ्या वाटण्यानं पटणार नव्हतं. पटलं असतं ते त्यांच्याच पद्धतीनं.

चौथ्या दिवशी मी मागच्या डब्यात चढले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, तुमी गाभा बदलवला, पडदा बदलवला, कीबोर्ड बदलवला. एक गोष्ट आजवर बदलवलीच नाई."

"कोणती?" त्यांना राहवलं नाही.

"पाहणारा माणूस."

मॅडमनी लॅपटॉप काढला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी पट्टे असलेलं एक चित्र असतं, पडद्याची परीक्षा घ्यायला वापरतात, ते त्यांनी उघडलं. तोच लॅपटॉप, तीच खिडकी, तोच उजेड. आधी मला पाहायला लावलं. मी अगदी काळ्याजवळचा पट्टासुद्धा बोटानं दाखवला. मग त्या पाहायला बसल्या. बसल्या हे मुद्दाम लिहिते. मला जिथे पट्टे वेगवेगळे दिसत होते, तिथे त्यांना नुसतं काळं दिसत होतं. शेजारच्या एका कॉलेजकुमारीला बोलावून तिलाही दाखवलं, माझ्यावर विश्वास नको म्हणून. तिनंही माझ्यासारखेच पट्टे दाखवले. मग मॅडमनी एक डोळा तळव्यानं झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. उजवा डोळा झाकला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. हात खाली घेऊन त्यांनी लॅपटॉपचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "हार्डवेअर हाये." मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि अमरावतीत डोळ्यांचा चांगला डॉक्टर कोण, हे विचारलं.

त्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डोळ्यात औषध, डोळ्याचा दाब, डोळ्याच्या मागचा पडदा, सगळं झालं. शेवटची तपासणी एका अंधाऱ्या खोलीत होती. पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला दाराशी स्टुलावर बसू दिलं होतं. उजव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज येत होता, मध्येमध्ये थांबत होता, पुन्हा येत होता. मग डावा डोळा घेतला. यंत्र आपलं टक् टक् करत एकेका जागी उजेड टाकत होतं. मॅडमचा अंगठा बटणावर तयार होता. साऱ्या जिल्ह्याच्या लॅपटॉपांवर फिरलेला तो अंगठा हलत नव्हता.

"ताई," त्या आतूनच त्या तपासणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "हे अटकलं वाटते तुमचं मशीन. एकदा बंद करून चालू करा."

"नाही मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "चालू आहे. तुम्ही बघत राहा."

काचबिंदू निघाला. डावा डोळा बराचसा गेलेला, आणि उजव्याची नाकाकडची बाजू जायला लागलेली. दोन डोळे एकमेकांची उणीव झाकत होते म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं जपता येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मॅडमनी विचारलं, की हिवाळ्याच्या सुरुवातीलाच आले असते तर? डॉक्टर सभ्य होते, त्यांनी कागद बघितले. मग त्यांनी घरात कुणाला होतं का विचारलं. मॅडम नाही म्हणायला गेल्या आणि थांबल्या. बाहेर आल्यावर फुटपाथवर उभं राहून मला म्हणाल्या, "बाबा शेवटी शेवटी भिंतीले धरून चालत. ताटातली वाटी सांडवत. आमी म्हणो, म्हातारे झाले. माय त्याहिच्यावर वरडे. मीबी वरडो." ऑटोत बसल्यावर त्यांनी भावाला फोन लावला आणि डोळे तपासून घ्यायला सांगितलं. तो नंतर जाईन म्हणाला, तर त्याला अशा काही शिव्या घातल्या की ऑटोवाला मागे वळून बघायला लागला.

त्यानंतर त्यांनी मंचावरची तक्रार मागे घेतली. मला शेजारी बसवून मजकूर लिहवून घेतला. दोष गाभ्यात नव्हता, पडद्यात नव्हता, कीबोर्डात नव्हता, माझ्या डोळ्यांत होता, तुमचा वेळ घेतला याबद्दल माफी असावी. खाली एक ओळ सल्ल्याची होती, की पडदा मंद वाटला तर काहीही बदलण्याआधी तो दुसऱ्या माणसाला दाखवा. मी म्हटलं, एवढं उघड करून लिहायची काय गरज? म्हणाल्या, "लाज कशाची? माह्यासारखं अजून कोणी पडदे बदलवत बसलं असंन तर?" स्कूटी माझ्याकडे आली. मी चालवायची आणि त्या मागून ओरडायच्या, "डावीकडे पाह्य! माह्यावर इसंबून राहू नको!" लॅपटॉपवरची अक्षरं त्यांनी मोठी केली, काळ्यावर पांढरी केली, आणि शिकवणं सोडलं नाही. बटणं आता न बघता बोटांनी ओळखायला लागल्या.

औषधाचे थेंब मात्र त्यांना जड गेले. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, एक दिवस चुकायचं नाही. आणि थेंब टाकला की डोळे मिटून, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून, काही मिनिटं गप बसून राहायचं. ज्या बाईला उभ्यानं जेवायची सवय, तिला ही शिक्षाच होती. घरी सकाळच्या घाईत त्या विसरायच्या, किंवा टाकायच्या आणि लगेच उठून कामाला लागायच्या. शेवटी सकाळच्या थेंबांचं काम मी माझ्याकडे घेतलं. गाडी मूर्तिजापूरला थांबली, की त्यांनी मान मागे टाकायची आणि गाडी हलायच्या आत मी दोन्ही डोळ्यांत थेंब सोडायचे. हे आमचं रोजचं झालं. डबाही शिकला. मूर्तिजापूर आलं की भाजीवाली बाई आपली टोपली मागे ओढून आम्हाला जागा करून द्यायची.

पहिल्या आठवड्यात त्या थेंबानंतर मिनिटभरसुद्धा टिकत नव्हत्या. "झालं काय? आता उघडू काय?" मग त्यांनीच तोड काढली. "तू बाहेर पाह्य अन् सांग मले काय दिसून राहिलं. म्हणजे मी बसते." मी सांगायला लागले. कपाशी आहे. तूर आहे. विहीर आली. बोट हवेत गोल फिरायचं. "पुढे, पुढे." मी भराभर सांगायची, त्या भराभर ऐकायच्या, आणि माना स्टेशन आलं की टुणकन डोळे उघडायच्या. वर्षामागून वर्षं गेली. दर तपासणीला डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकून आहे. त्या बातमीसाठी मी किती जीव मुठीत धरून त्या दवाखान्याच्या बाकावर बसत असे, ते मॅडमना कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशीही सकाळच्या गाडीला होत्या. कॉलेजात निरोपाचा कार्यक्रम होता, साडी नवी होती, केसात फूल होतं, आणि त्या आल्यापासून दाराशी उभ्या होत्या. मूर्तिजापूरला येऊन बसल्या. मी थेंब टाकले. त्यांनी डोळे मिटले, बोट कोपऱ्यावर दाबलं. उद्यापासून हे काम त्यांचा भाचा करणार होता, घरी. मी नेहमीपेक्षाही घाईनं सांगायला लागले. कपाशी. तूर. बाभळी. दोन बैल. पंप. पुन्हा तूर.

"अवं, अशी कावून पळून राहिली?" मॅडम म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. त्यांनी चाचपून माझं मनगट धरलं. "कपाशी म्हणते, पण फुटली काय? बैल कोणत्या रंगाचे हायेत? सावकाश सांग न. मले घाई नाई."

मग मी सावकाश सांगितलं. कपाशी फुटली होती, खालची बोंडं वेचून झाली होती, वरची पांढरी राहिली होती. वेचणाऱ्या बाया बांधावर डबे ठेवून ओळीनं आत शिरत होत्या. बैल दोन्ही पांढरे, एकाचं शिंग वाकडं. तुरीला पिवळा फुलोरा आला होता. माना आलं आणि गेलं. थेंबाची मिनिटं कधीच संपली होती. मॅडमनी डोळे उघडले नाहीत, मनगटही सोडलं नाही, आणि मी कुरुम येईपर्यंत सांगत राहिले.